नाचरा ब्लूज: लुई जॉर्डन, बिग जो टर्नर आणि टाळीची जागा

खालीभरी (धागाकर्ता)

ब्लूज म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. अंधारी खोली, एकटा गिटारवाला, विलंबित लय आणि कुणीतरी सोडून गेल्याचं दुःख. मीही दहा-बारा वर्षं तसाच ब्लूज ऐकला आणि तो मला आजही प्रिय आहे. पण अलीकडे मी ज्याच्या पुरता आहारी गेलोय तो ब्लूज वेगळा आहे. त्याची लय चढी आहे, त्यात दोन-तीन सॅक्सोफोन आणि एखादा ट्रम्पेट आहे, पियानोवाल्याचा डावा हात आगगाडीसारखा धावतोय आणि गायक हसत हसत बेकारीचं, रेशनचं, घरातल्या भांडणाचं सांगतोय. याला तिकडे 'जंप ब्लूज' म्हणतात. याच्यावर मराठीत बोलायला कुणी सापडत नाही, म्हणून धागा काढतोय.

लहानपणी सहा-सात वर्षं तबला शिकलो, त्यामुळे कान आधी ठेक्याकडे जातो. ब्लूजचं आवर्तन बारा मापांचं, प्रत्येक मापात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. खाली फक्त तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले सुरांचे गुच्छ: षड्जाचा, मध्यमाचा, पंचमाचा. हा सांगाडा संथ ब्लूजलाही हाच आहे. जंपमध्ये बदलते ती मात्रेच्या पोटातली वाटणी. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला गिळायचा. तिस्र जातीत बोल म्हणताना मधलं अक्षर मनात ठेवलं तर जे होईल, ते. त्यातून जो झोल येतो त्याला ते 'शफल' म्हणतात. बेस दर मात्रेला एक सूर घेत जिना चढल्यासारखा वर जातो, तसाच खाली येतो. आणि ड्रमरचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर.

ही शेवटची गोष्ट आपल्याला जड जाते. आपला हात आपसूक समेवर जातो. मी स्वतः कित्येक महिने पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर टाळी देत ऐकत होतो आणि गाणं जागच्या जागी पाय आपटतंय असं वाटत होतं. मग एकदा टाळी मुद्दाम एक मात्रा पुढे सरकवली. तेच गाणं, तीच तबकडी, पण खालची जमीन सरकायला लागली. हे शब्दांत पटणार नाही. करून बघा.

आता लुई जॉर्डन, कारण माझी सुरुवात त्याच्यापासूनच झाली. जन्म १९०८, आर्कान्सा राज्यातलं ब्रिंक्ली गाव. वडील संगीत शिक्षक, शिवाय 'रॅबिट फूट मिन्स्ट्रल्स' या तंबू घेऊन फिरणाऱ्या कंपनीत वाजवणारे. पोरगा त्याच वातावरणात तयार झाला. गाणं, वादन आणि प्रेक्षकाला धरून ठेवणारी बतावणी, तिन्ही एकत्रच शिकला. पुढे न्यूयॉर्कमध्ये ड्रमर चिक वेबच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोनवर बसला. हा बँड हार्लेम या तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचघराचा, म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवणारा. १९३८ मध्ये जॉर्डन बाहेर पडला आणि हार्लेममधल्याच एका क्लबात स्वतःचा छोटा बँड जमवला. त्याचं नाव पुढे 'टिम्पनी फाइव्ह' झालं. माणसं कधी सहा, कधी सात. नाव मात्र पाचाचंच राहिलं.

छोटा बँड ही पुढे काळाची गरजच ठरली. महायुद्ध सुरू झालं, पेट्रोलवर नियंत्रण आलं, वादक लष्करात गेले. पंधरा-सोळा जणांना बसमध्ये घालून गावोगाव फिरवणं परवडेना. त्यात १९४४ मध्ये अमेरिकन सरकारने नाचगाण्याच्या जागांवर ३० टक्के कर लावला. काही महिन्यांत तो २० वर आणला, पण तोवर कित्येक मालकांनी नाचाची फरशी बंद करून टाकली होती. जॉर्डनने मोठ्या बँडचं काम सहा माणसांत बसवलं. दोन-तीन फुंकवाद्यांनी एकच छोटी फ्रेज, म्हणजे सुरावटीचा तुकडा, अशी घोटून घोटून वाजवायची की मागे बारा जण आहेत असं वाटावं.

१९४६ चं त्याचं 'चू चू च-बूगी' घ्या. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीची जी वेगळी यादी तेव्हा 'बिलबोर्ड' छापत असे, तिच्यात हे गाणं १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ऐकायला निव्वळ आगगाडीचं गाणं. पण शब्द नीट ऐका. माणूस शहरात उतरलाय, खिसा रिकामा. सकाळचा पेपर उचलून नोकरीच्या जाहिराती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. असलेल्या एकाच जागेला खास कसब असलेला माणूस हवाय. तो पेपर होता तसा परत ठेवून देतो आणि पुन्हा रुळांकडे वळतो. युद्ध संपून वर्षच झालं होतं, हजारो सैनिक काम शोधत घरी परतत होते. हे ज्याच्या पोटातलं होतं तोच या गाण्यावर नाचत होता.

'सॅटरडे नाइट फिश फ्राय' (१९४९) तर मला अख्खी एकांकिका वाटते. पाच मिनिटांहून मोठं, त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर मिळून बसवलेलं. न्यू ऑर्लिन्समध्ये दोन मित्र शनिवारी रात्री एका घरगुती जेवणाच्या पार्टीत शिरतात. मासे तळले जातायत, पियानो वाजतोय, गर्दी उसळलीय. आणि पोलिसांची धाड पडते. निवेदक पळायला बघतो, सापडतो, रात्र कोठडीत जाते. जॉर्डन हे सगळं अशा काही वेगात, श्वास न मोडता सांगतो की पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना लक्षात येतं की या माणसांनी काहीच गुन्हा केलेला नाही. जेवायला जमले होते.

म्हणून जंप ब्लूजला कुणी 'हलकाफुलका' म्हटलं की मला वाईट वाटतं. त्यात ओझं तेवढंच आहे. ते उचलून नाचायचं आहे, एवढंच.

तुम्ही काय ऐकता ते लिहा.

---

रातराणी

छान लिहिलंय. मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. जुनी नाट्यगीतं आणि हिंदी सिनेमा एवढीच माझी पुंजी. सुरुवात कुठून करू? फार मोठी यादी नको, तीनच सांगा.

---

खालीभरी

रातराणी, तीनच सांगतो. आधी वरची दोन जॉर्डनची. तिसरं, बिग जो टर्नर आणि पीट जॉन्सन यांचं 'रोल एम पीट', १९३८ चं ध्वनिमुद्रण. फक्त गळा आणि पियानो, तिसरं कुणी नाही. ठेका धरायला ड्रम लागतातच असं वाटत असेल तर हे ऐकाच.

टर्नर कॅन्सस सिटीचा. ते शहर तेव्हा रात्रभर जागं असायचं, दारूबंदी तिथे कागदावरच होती. हा धिप्पाड पोरगा गुत्त्यात ग्लास भरता भरता गल्ल्यामागूनच गायचा, पियानोवर जॉन्सन. माइकची गरज नाही इतका आवाज. डिसेंबर १९३८ मध्ये संगीत निर्माते जॉन हॅमंड यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ठेवलेल्या कार्यक्रमात दोघे वाजवून आले आणि आठवड्याभरात हे मुद्रण झालं. आणि हाच टर्नर चाळिशी ओलांडल्यावर, १९५४ मध्ये 'शेक, रॅटल अँड रोल' गातो. गायकीत एका अक्षराचा फरक नाही. जगाने मात्र आता त्याला रॉक अँड रोल म्हणायला सुरुवात केली होती.

---

खर्ज

धागा चांगला आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो. ब्लूजचा प्राण मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात आहे. तिथलाच गायक-गिटारवाला मडी वॉटर्स शिकागोला आला तरी त्याच्या स्लाइडमध्ये (तारांवर नळी सरकवत वाजवण्यात) ती माती ऐकू येते. जॉर्डनसारख्यांचं संगीत कौशल्याचं आहे यात वाद नाही, पण ते मंचावरचं, प्रेक्षकाला रिझवण्यासाठी रचलेलं. एकट्याने स्वतःसाठी गायलेलं आणि तिकीट काढून आलेल्यांसाठी गायलेलं यात फरक राहतोच. मला रात्री एकटं असताना जॉर्डन लावावासा वाटत नाही.

---

सहा_तारा

खर्ज, तुमचा मुद्दा समजतो, पण टी-बोन वॉकरचं काय कराल? मी गिटार वाजवतो म्हणून हा माणूस माझ्यासाठी फार मोठा आहे. टेक्सासचा, डॅलसमध्ये वाढलेला. लहानपणी अंध गायक ब्लाइंड लेमन जेफरसनला हाताला धरून रस्त्यातून न्यायचा. म्हणजे तुम्ही म्हणता ती माती त्याच्या तळहातालाच लागलेली. हाच माणूस १९४७ मध्ये 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' गातो, जे ऐकून बी. बी. किंग यांना इलेक्ट्रिक गिटार घ्यावीशी वाटली. संथ, गळ्याशी दाटून येणारं. आणि त्याच काळात तो 'टी-बोन शफल' करतो, निखळ नाचाचं. दोन्हींत तीच बोटं, तेच अर्धवट ताणलेले सूर. मंचावर तर गिटार डोक्यामागे धरून वाजवायचा.

त्याची पद्धत सांगतो. तो गिटार छातीशी न टेकवता जवळजवळ आडवी, ताटासारखी धरायचा, आणि एकेका तारेवर सॅक्सोफोनवाल्यासारख्या फ्रेजा घ्यायचा. फ्रेज झाली की थांबायचा. पहिल्यांदा वाजवून बघितलं तेव्हा माझी सगळी चूक त्या थांबण्यात झाली. मी मोकळी जागा दिसली की भरत होतो. शफलमध्ये न वाजवलेली मात्राच माणसाला उचलते.

आणखी एक. जॉर्डनच्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' (१९४६) ची पहिली काही सेकंदं ऐका. गिटारवर कार्ल होगन आहे. मग रॉक अँड रोलवाल्या चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' (१९५८) लावा. ओळख करून द्यायची गरज पडणार नाही. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' ज्या मिल्ट गॅब्लरने मुद्रित केलं, तोच आधी डेक्का कंपनीत जॉर्डनच्या तबकड्या करत होता.

---

खर्ज

टी-बोनबद्दल हरकत नाही. तो दोन्हीकडचा आहे हे मान्य. होगनची सुरुवात आत्ता लावून बघितली, थक्क झालो. तरी एकटेपणाचा मुद्दा सोडत नाही.

---

पितळी

सॅक्सोफोनवर कुणी बोललंच नाही! माझी सगळी भक्ती तिथेच.

१९४२ मध्ये लायोनेल हॅम्प्टनच्या बँडचं 'फ्लाइंग होम' मुद्रित झालं. टेनर सॅक्सोफोनवर इलिनॉय जॅके, वय १९. त्याची ती सोलो पुढे इतकी गाजली की नंतरचे वादक ती बंदिशीसारखी पाठ करून वाजवू लागले. मधे एकच सूर तो पुन्हा पुन्हा हाणतो. सूर एकच, पण दर वेळी दाब वेगळा, श्वास वेगळा. त्यातून टेनरवाल्यांचं एक घराणंच निघालं, 'हाँकर' म्हणायचे त्यांना. लॉस एंजेलिसचा बिग जे मॅकनीली पाठीवर झोपून वाजवायचा, वाजवत वाजवत श्रोत्यांत शिरायचा. त्याचं 'डीकन्स हॉप' १९४९ मध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

मी पाच वर्षं टेनर शिकतोय. तो घोगरा, गुरगुरणारा आवाज काढायला फुंकता फुंकता घशातून गुणगुणावं लागतं, म्हणजे एकाच नळीत दोन आवाज एकमेकांशी भांडतात. पहिल्या आठवड्यात खोकल्याशिवाय काही निघालं नाही. रीड (तोंडाशी बसणारी कंप पावणारी पट्टी) ओली करून, खालचा ओठ सैल सोडून, रोज दहाच मिनिटं, असं करत तिसऱ्या महिन्यात एकदा तो आवाज आला. दाराशी आलेला शेजारी विचारत होता, काही फाटलं का? मला इतका आनंद झाला होता की मी त्याला आत बोलावून पुन्हा काढून दाखवला.

---

उत्तरध्रुव

स्वीडनहून लिहितेय. इथे दर उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या उत्तरेला हेरेंग नावाच्या खेड्यात लिंडी हॉपचं शिबिर भरतं, १९८२ पासून. मी दोनदा गेले. हार्लेमचा नाच शिकायला जगभरातून माणसं या चिमुकल्या गावात येतात.

खर्ज यांना नाचणारीच्या बाजूने सांगते. सॅव्हॉय बॉलरूम १९२६ ते १९५८ चालली. गोरे-काळे एकाच फरशीवर नाचत, आणि त्या काळच्या अमेरिकेत हे फार कमी ठिकाणी शक्य होतं. फ्रँकी मॅनिंग तिथलाच नर्तक, जोडीदारणीला पाठीवरून उलटं फिरवून उतरवण्याची झेप त्यानेच १९३५ च्या सुमारास आणली. नाचाचा जमाना संपल्यावर त्याने तीसेक वर्षं टपालखात्यात नोकरी केली. १९८० च्या दशकात तरुण मंडळी त्याला शोधत आली आणि तो पुन्हा शिकवायला लागला, ते २००९ मध्ये जाईपर्यंत. वय ९४.

आमच्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी पावलं शिकवलीच नाहीत. गुडघे सैल ठेवून नुसतं चालायला लावलं, अर्धा तास. 'जमिनीला वजन द्या' एवढंच सांगत होती. भारतात लहानपणी कथक शिकले होते, तिथे पाठ ताठ आणि पाय जमिनीवर ठाम. इथे पाठ किंचित पुढे, गुडघ्यात उसळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बँडने जॉर्डनचं गाणं घेतलं आणि समोरचा अनोळखी माणूस पुढच्या क्षणी काय करणार हे मला त्याच्या तळहातातून कळायला लागलं. एकटीने ऐकण्याचं संगीत मलाही आवडतं. पण हे दुसऱ्याचा हात धरल्याशिवाय पूर्ण ऐकूच येत नाही.

---

खर्ज

उत्तरध्रुव, या बाजूने मी विचार केला नव्हता. धन्यवाद, मनापासून.

---

रातराणी

या सगळ्यात बायका कुठे आहेत?

---

उत्तरध्रुव

भरपूर आहेत! 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम' शोधा. मिसिसिपीतल्या पाइनी वुड्स शाळेत १९३७ मध्ये निघालेला, सगळ्या मुलींचा बँड. त्यांत वेगवेगळ्या वंशांच्या मुली होत्या, त्यामुळे दक्षिणेत वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना एकत्र प्रवास करणंही धोक्याचं होतं. बसमध्येच राहायच्या, झोपायच्या. १९४५ मध्ये युरोपात अमेरिकी सैनिकांसमोर वाजवून आल्या. त्यांच्यातल्या व्हाय बर्नसाइडचा टेनर पितळी यांनी ऐकावाच.

आणि रूथ ब्राउन. 'टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' (१९५०), नाव अश्रूंचं आणि चाल उड्या मारणारी. तिच्या तबकड्यांवर ॲटलांटिक कंपनी इतकी उभी राहिली की लोक त्या कंपनीला 'रूथने बांधलेलं घर' म्हणत. पण पुढे संसार चालवायला तिला धुणीभांडी आणि स्कूल बस चालवण्याची कामं करावी लागली. नंतर ती स्वतःच्या आणि इतर जुन्या कलाकारांच्या मानधनासाठी लढली, आणि त्या लढ्यातूनच १९८८ मध्ये रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं.

---

मांडवीकाठ

मुंबई-गोव्याची बाजू लिहितो, कारण हा सूर आपल्याकडे तेव्हाच पोचला होता. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक वाजवत होते. पियानोवादक टेडी वेदरफर्ड त्यांतलाच. त्यांच्या सोबतीने आणि त्यांना ऐकून आमच्या गोव्याची मुलं तयार झाली. चर्चच्या शाळांत सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकलेली ही पोरं, स्वरलिपी बघून काहीही वाजवतील अशी. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाले, ट्रम्पेट असा की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून पुढे दोन दशकं ताजमध्ये होता.

आणि मग आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. 'शहनाई' (१९४७) मधलं 'आना मेरी जान संडे के संडे' जॉर्डनच्या ऐन बहरातलं आहे, हे हा धागा वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते बारा मापांचं ब्लूज नाही, पण फुंकवाद्यांनी गायकाला मधे मधे टोकणं, गायकाने गाता गाता अभिनय करणं, हा स्वभाव सख्ख्या भावासारखा. 'अलबेला' (१९५१) मध्ये तर भगवानदादांचं ते डुलणं बघा, खांदे सैल, पाय जेमतेम उचललेले. उत्तरध्रुव ज्या 'वजना'बद्दल बोलतात ते त्यांच्या चालण्यातच आहे.

माझे आजोळचे एक मामा मुंबईत अशाच एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. दिवसा सिनेमाचं ध्वनिमुद्रण, रात्री हॉटेल. ज्या गाण्यांत त्यांचा ट्रम्पेट आहे त्यांच्या नामावलीत त्यांचं नाव कुठेच नाही. म्हातारपणी गावी परतले. संध्याकाळी पडवीत बसून नुसता मुखभाग ओठाला लावून फुंकायचे, ट्रम्पेट न जोडता. बदकासारखा आवाज यायचा, पण ठेका असा की अंगणातली आम्ही मुलं त्यावर उड्या मारायचो. तो शफल होता हे मला आज कळतंय.

---

सहा_तारा

मांडवीकाठ, हे वाचून गप्पच बसलो. मामांबद्दल आणखी लिहा, वेगळा धागा काढा.

बाकी, आज हे संगीत जिवंत ऐकायचं असेल तर 'रूमफुल ऑफ ब्लूज' हा ऱ्होड आयलंडचा बँड आहे, ड्यूक रोबिलार्डने १९६७ मध्ये सुरू केलेला. माणसं बदलत गेली पण फुंकवाद्यांचा तो ताफा कायम आहे. म्हाताऱ्या बिग जो टर्नरच्या मागेही हे वाजवून गेलेत.

---

रातराणी

चार दिवस झाले, सांगायला आले. रोज पनवेल लोकलमध्ये 'चू चू च-बूगी' ऐकतेय. पहिले दोन दिवस टाळी (म्हणजे पर्सवर बोट) काही केल्या दुसऱ्या मात्रेवर राहीना, दोन आवर्तनं झाली की पुन्हा समेवर येऊन बसायची. काल मानसरोवरच्या आसपास मोजणं सोडलं आणि नुसत्या ड्रमकडे कान दिला. बोट आपोआप तिथे गेलं आणि गाणं संपेपर्यंत तिथेच राहिलं. खारघर कधी गेलं कळलं नाही.

'फिश फ्राय' तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा हसले नाही.

आता 'रोल एम पीट' लावलंय. डावा हात मोजायला बसले तर एका मापात आठ ठोके येतायत. बरोबर मोजतेय ना?

---

खालीभरी

बरोबर. आठच.